अणुकचऱ्याची राखण : दगडाची की माणसांची?

भिवंडी तालुक्यातील दापोडे गावाची आजची ओळख आहे ती गोदामांची. जेथे एके काळी भाताची खाचरे होती तेथे आज पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. देशोदेशीचा माल येथे येतो, काही आठवडे विसावतो आणि पुढे जातो. या पट्ट्यातील गोदामांना वरचेवर आगी लागतात आणि प्रत्येक आगीनंतर एकच प्रश्न विचारला जातो : आत नेमके काय होते? रसायनांच्या बेकायदा साठ्यांविरुद्ध महसूल खात्याला येथे वेळोवेळी मोहिमा काढाव्या लागल्या आहेत. दारावरची पाटी एक सांगते आणि दारामागचा माल दुसरेच काही असतो. माल ठेवणारा निघून जातो, पाटी पुसट होते आणि धोका मात्र जागच्या जागी राहतो. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. फरक इतकाच की, येथे ज्या मालाचा विचार करावयाचा आहे तो आठवड्यांनी नव्हे, तर सहस्रकांनी मोजावा लागतो. तो माल म्हणजे अणुभट्ट्यांतून निघणारा किरणोत्सर्गी कचरा.

हा कचरा जमिनीत पुरल्यानंतर त्या जागेविषयी दूरच्या पिढ्यांना सावध कसे करावे, हा प्रश्न गेली चार दशके अमेरिका व युरोपातील शास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांना सतावीत आहे. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही. वस्तुतः या प्रश्नाचा अनुभव महाराष्ट्राइतका जुना फार थोड्या प्रदेशांच्या गाठीशी असेल. आणि त्या अनुभवाचा एक पुरावा दापोड्यापासून फार दूर नाही.

लोनाडचा शिलालेख

भिवंडी तालुक्यातच लोनाड हे प्राचीन गाव आहे. त्याच्या परिसरात चौधरपाडा येथे उत्तर कोकणचा शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२४० चा शिलालेख आहे. ब्रह्मपुरी नावाचे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. अशा दानलेखांची एक ठरलेली घडण असे. दगडाच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असत. अर्थ असा की, जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर ही आज्ञा पाळली जावी. मध्ये मजकूर असे. आणि पुष्कळ दगडांवर तळाशी गाढव व स्त्री यांचे, आजच्या सभ्य नजरेला खटकणारे शिल्प असे. दान मोडणाऱ्याच्या कुळाला दिलेला तो चित्ररूप शाप होता. म्हणूनच या दगडांना आपल्याकडे ‘गधेगाळ’ म्हणतात.

इशारा देण्याचे शास्त्र म्हणून या दगडांकडे पाहिले, तर आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. आपण मरणार, आपले राज्य जाणार, पुढील राजा आपला असेलच असे नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र होते. ज्याला संस्कृत येत नाही त्याचीही सोय होती. मुंबईत परळ येथे सापडलेल्या, अपरादित्य राजाच्या शके ११०८ च्या लेखात मुख्य मजकूर संस्कृतात आहे, परंतु शाप मात्र मराठीत आहे. दान कोणाला दिले हे पंडिताला कळले तरी पुरे. पण हात लावू नको, ही ताकीद शेत नांगरणाऱ्याला कळली पाहिजे, असा हा रोकडा विचार होता.

आणि तरीही हे दगड हरले. पुष्कळ ठिकाणी गधेगाळाला शेंदूर फासून त्याचा देव झाला. काही ठिकाणी तो धुण्याचा दगड झाला. कोठे तो उलटला की गावावर संकट येते, अशी समजूत रूढ झाली, तर कोठे त्याच्याखाली गुप्तधन असेल या आशेने खणले गेले. ‘हात लावू नको’ हा निरोप ‘पूजा कर’ किंवा ‘येथे खण’ असा वाचला गेला. दगड टिकला, अक्षरेही पुष्कळ अंशी टिकली. तुटली ती दगड आणि गाव यांच्यामधील समजुतीची साखळी. सूर्यचंद्राची ग्वाही देणारा इशारा सात-आठशे वर्षांत निरर्थक झाला.

तारापूरचा हिशेब

आता तारापूरकडे वळू. देशातील पहिल्या अणुवीज केंद्रातून तेथे १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. २००५ आणि २००६ मध्ये तेथे आणखी दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करण्याचा कारखानाही तेथे आहे. भारताचे धोरण असे की, वापरलेले इंधन तसेच पुरून न टाकता त्यातील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढून पुन्हा वापरावयाचे. उरलेला अतितीव्र कचरा विशिष्ट प्रकारच्या वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद केला जातो. हे काम तारापुरात १९८० च्या दशकात सुरू झाले. असे डबे हवेने थंड होणाऱ्या तळघरांत ठेवून त्यांच्यावर देखरेख करण्याची सोयही तेथेच आहे. कमी तीव्रतेचा घन कचरा मात्र भूपृष्ठालगत, दगडी व काँक्रीटच्या खंदकांत आणि काँक्रीटच्या खोल, नळीसारख्या विवरांत कायमचा ठेवला जातो. देशातील प्रत्येक मोठ्या अणुकेंद्राच्या आवारात अशी जागा राखलेली असते.

या कचऱ्याचे आयुष्य दोन प्रकारचे आहे. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांची धोकादायक रूपे दर तीस वर्षांच्या आसपास निम्मी होतात. दहा वेळा निम्मी झाली म्हणजे, सुमारे तीनशे वर्षांनी, त्यांचा हजारावा हिस्सा उरतो. भूपृष्ठालगतच्या खंदकांवर तीनशे वर्षे शासकीय देखरेख ठेवण्याची कल्पना या गणितातून निघाली आहे. दुसरा प्रकार दीर्घायुषी द्रव्यांचा. प्लुटोनियम निम्मे होण्यास चोवीस हजार वर्षे लागतात. नेपच्युनियमला वीस लाखांहून अधिक. अशी द्रव्ये कचऱ्यातून वेगळी काढण्याचे प्रायोगिक संयंत्रही तारापुरात उभारलेले आहे आणि त्या दिशेने आपल्या शास्त्रज्ञांनी केलेले काम अभिमानास्पद आहे. तथापि काही दीर्घायुषी अंश मागे उरणारच. अशा कचऱ्यासाठी खोल भूगर्भात कायमचे भांडार उभारण्याच्या दिशेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, १९८० च्या दशकात प्रयोग झाले. कचऱ्याचे प्रमाण अल्प असल्याने अशा भांडाराची नजीकच्या काळात गरज नाही, अशी शासनाची भूमिका राहिली आहे.

ही भूमिका तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय असेल. परंतु ‘नजीकचा काळ’ संपतो, आणि मुख्य म्हणजे तीनशे वर्षांची देखरेख हा शब्दप्रयोग उच्चारण्यास सोपा आणि आचरण्यास अतिशय अवघड आहे. आजपासून तीनशे वर्षे मागे जाऊन पाहा. तारापूरचा किल्ला तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पुढे इंग्रज आले, ते गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. या काळात कारभाराची भाषा पोर्तुगीज, मराठी, इंग्रजी आणि पुन्हा मराठी अशी बदलली. पोर्तुगीज अधिकाऱ्याने ‘या जागेवर तीनशे वर्षे पहारा ठेवावा’ असा हुकूम १७२५ साली लिहून ठेवला असता, तर तो पाळण्यासाठी आज कोण उरले असते?

लिपी जाते, खूण फिरते

लिहून ठेवले म्हणजे झाले, असे शिक्षित माणसाला नेहमी वाटते. हा भ्रम दूर होण्यास आपल्याच घरातील जुने दप्तर पुरेसे आहे. मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या व्यवहाराची लिपी होती. आज पणजोबांच्या हातचे खरेदीखत पणतूला वाचता येत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारला मोडी जाणणारे लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून हुडकावे लागले. ही काही हजार वर्षांपूर्वीची मृत लिपी नव्हे. तिला व्यवहारातून जाऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत.

अधिक मागे जावयाचे तर तारापूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात सोपारा आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. आपली धर्माज्ञा चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी, अशी इच्छा त्या सम्राटाने आपल्या लेखांत व्यक्त केली होती. त्याचे साम्राज्य पन्नास-साठ वर्षांतच लयाला गेले. ब्राह्मी लिपीचे ज्ञान पुढे लुप्त झाले. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या हिकमतीने दिल्लीस आणवले, तेव्हा त्यांवरील मजकूर सांगू शकेल असा एकही विद्वान मिळाला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने लिपीचा उलगडा केला तेव्हा कोठे सम्राट पुन्हा बोलू लागला. त्याचा उपदेश वाचता न आल्याने कोणाचे प्राण गेले नाहीत. अणुकचऱ्याच्या बाबतीत मात्र तशी खात्री देता येणार नाही.

मग चित्रांचा, खुणांचा आधार घ्यावा काय? किरणोत्सर्गाचे जगभर रूढ असलेले तीन पात्यांचे चिन्ह विजेच्या पंख्यासारखे दिसते. ते ज्याला शिकवले नाही त्याला त्यातून काहीही बोध होत नाही. ही अडचण जाणून २००७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर एक नवे चिन्ह जाहीर झाले. लाल त्रिकोणात किरणे, कवटी आणि पळणारा माणूस, असे त्याचे स्वरूप. आता आपल्या देशात पाहा : लाल त्रिकोण म्हटले की एका पिढीला कुटुंबनियोजन आठवते. भिंतीभिंतींवर रंगवलेली ती खूण त्या काळी अक्षरशून्य माणसालाही कळे. आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती दाखवली तर कितीजणांना अर्थ सांगता येईल? उण्यापुऱ्या पन्नास वर्षांची ही कथा. कवटीचेही तसेच. पाश्चात्त्य माणसाला ती विषाच्या बाटलीची खूण वाटेल. येथील माणसाला रुंडमाळा घातलेला शंकर किंवा देवी आठवेल, आणि तो जागा सोडून पळण्याऐवजी तेथे नारळ फोडील. लाल रंग म्हणजे धोका, हे रेल्वेच्या फाटकावर खरे. देव्हाऱ्यात तोच रंग मंगल असतो.

अमेरिकेने न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या थरांमध्ये, सुमारे साडेसहाशे मीटर खोलीवर, अण्वस्त्रनिर्मितीतून निघालेल्या कचऱ्याचे भांडार १९९९ साली सुरू केले. दहा हजार वर्षे तेथे कोणी खणू नये म्हणून काय करावे, याचा विचार करण्यास तज्ज्ञांचे गट नेमले होते. प्रचंड काट्यांचे रान वाटावे असे दगडी स्तंभ, मातीचे उंच बांध, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा भाषा आणि तेथील आदिवासींची नवाहो भाषा यांत कोरलेला मजकूर, भयभीत मानवी चेहरे, अशा अनेक सूचना पुढे आल्या. त्यांतील कल्पकता मान्य करूनही लोनाडच्या दगडाकडे पाहणाऱ्याला एक शंका येतेच. ज्या स्थळी इतके अजस्र बांधकाम आहे, तेथे खाली काहीतरी मौल्यवान असले पाहिजे, असेच मनुष्यस्वभाव सांगणार नाही काय? इजिप्तच्या काही थडग्यांवरही शाप होते. चोरांनी ती तरीही फोडली. याउलट फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथे अतिप्राचीन खडकात चारशे मीटरहून अधिक खोल भांडार उभारले गेले आहे. तेथील चर्चेत वर काही खूणच ठेवू नये, जागा विस्मरणात जाऊ द्यावी, असाही एक पक्ष मांडला गेला आहे. जो दगड नाही तो चुकीचा वाचलाही जाणार नाही, हे खरे. पण विहिरीसाठी खोल बोअर मारणाऱ्या माणसाला सावध करण्याची जबाबदारी त्यामुळे नाहीशी होत नाही.

विस्मरणाला पंचवीस वर्षे पुरतात

दहा हजार वर्षांच्या या चर्चेत एक धोका असा आहे की, दूरच्या क्षितिजाकडे पाहताना पायाखालचा खड्डा दिसेनासा होतो. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्टचे एक किरणोत्सर्गी उपकरण होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० साली ते भंगार म्हणून लिलावात निघाले, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले, आणि त्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा बळी घेतला. इतर अनेकजण गंभीर आजारी पडले. येथे लिपी बदललेली नव्हती, राज्य बुडालेले नव्हते. उपकरण ज्या इमारतीत होते तेथे देशातील उत्तम रसायनशास्त्रज्ञ शिकवीत होते. फक्त पंचवीस वर्षे लोटली होती, आणि एक नोंद एका हातातून दुसऱ्या हातात पोहोचली नव्हती.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली असेच घडले. सोडून दिलेल्या रुग्णालयातील कर्करोगोपचाराचे यंत्र दोघांनी भंगारासाठी नेले. आतील निळसर प्रकाशणारी पूड लोकांनी कौतुकाने घरोघर वाटली. चारजण मृत्यू पावले. दहा हजार वर्षांची तयारी करणाऱ्या न्यू मेक्सिकोच्या भांडारातही, उद्घाटनानंतर पंधरा वर्षांच्या आत, फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटून गळती झाली. खनिज शोषकाऐवजी त्या पिंपात सेंद्रिय शोषक भरला गेला होता. भांडार सुमारे तीन वर्षे बंद राहिले. भूगर्भाने दगा दिला नव्हता; कामाच्या कागदाने दिला होता.

शाळा-कचेऱ्यांतून काम करणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. बदली झालेल्या कारकुनाबरोबर कपाटाची किल्ली जाते, पण कपाटात काय आहे याची माहिती नव्या माणसाला मिळतेच असे नाही. कार्यभार सोपवण्याची यादी हा कंटाळवाणा कागद मानला जातो. अणुकचऱ्याच्या संदर्भात मात्र तोच संस्कृतीचा पहिला कागद ठरतो. तीनशे वर्षे म्हणजे कर्मचाऱ्यांच्या दहा पिढ्या. दहा वेळा कार्यभार सोपवला जाणार, आणि एकदाही चूक होता कामा नये, असा हा व्यवहार आहे.

पुरोहित नकोत

यावर एक उपाय अमेरिकेतील चिन्हशास्त्रज्ञ टॉमस सेबिऑक यांनी १९८४ साली सुचवला होता. दहा हजार वर्षांचा एकच निरोप पाठवू नये. दर तीन पिढ्यांनी तो नव्या भाषेत नव्याने लिहावा, असे त्यांचे म्हणणे. हा विचार शहाणपणाचा आहे. परंतु हे काम करण्यासाठी त्यांनी जी कल्पना मांडली ती ‘अणुपुरोहितां’ची. खरे ज्ञान थोड्या जाणकारांच्या मंडळाकडे राहील. इतर लोकांना त्या जागेपासून दूर ठेवण्यासाठी दंतकथा आणि भीती पसरवली जाईल.

आपल्या देशात या सूचनेतील धोका समजावून सांगण्याची गरज नाही. ज्ञान मूठभरांकडे आणि भीती सर्वांकडे, या व्यवस्थेची किंमत आपण शतकानुशतके मोजली आहे. मराठी वाङ्मयातील एक दाखला येथे आठवतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. ग्रंथ सुरक्षित राहिले, हे त्या पंथाचे थोर ऋण आहे. परंतु पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्यांची किल्ली मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि मराठी गद्याचे आद्य लेणे तोवर सामान्य मराठी माणसाच्या नजरेआड राहिले. गुप्ततेने वस्तू टिकते, पण निरोप पोहोचत नाही. इशाऱ्याच्या बाबतीत तर न पोहोचणारा निरोप म्हणजे निरोपच नव्हे.

आपल्या अणुकार्यक्रमाच्या भोवती आरंभापासून गुप्ततेचे कुंपण राहिले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने तर माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले होते. शस्त्रांच्या बाबतीत गुप्तता समजू शकते. परंतु कचरा कोठे आहे आणि तो किती काळ धोकादायक आहे, ही माहिती शत्रूपासून लपवण्यासाठी आपल्याच नातवंडांपासून लपवणे हा शहाणपणा नव्हे. जाहीर केल्याने घातपात्यांना मदत होईल, असा आक्षेप घेतला जातो. अणुकेंद्राचे ठिकाण शाळकरी मुलांच्या नकाशातही असते. पहाऱ्याचा तपशील गुप्त ठेवूनही धोक्याचे अस्तित्व उघड सांगता येते.

दगड आणि तांदळाचे पीठ

मग निरोप टिकतो तरी कसा? याचे उत्तर तारापूरच्या शेजारी, डहाणू-पालघरच्या वारली पाड्यांवर मिळते. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. वारली माणूस चौक ‘काढला’ म्हणत नाही, ‘लिहिला’ म्हणतो. मध्ये पालघट देवी असते. हे पीठ कुडाच्या, सारवलेल्या भिंतीवर फार दिवस टिकत नाही, आणि टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. कारण पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहावयाचा असतो. लिहिताना थोरल्या बायांच्या शेजारी धाकट्या बसतात, आणि हाताबरोबर अर्थही पुढे जातो. गधेगाळाचा काळा पाषाण टिकला आणि अर्थ गेला. येथे पीठ गळून जाते आणि अर्थ राहतो.

जपानमधील एक उदाहरण याच गोष्टीची साक्ष देते. आनेयोशी या लहानशा वाडीत, १९३३ च्या त्सुनामीनंतर, या जागेच्या खाली घरे बांधू नका, असे सांगणारा दगड उभारला गेला. २०११ ची प्रलयंकर लाट त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वाडी वाचली. असे शेकडो दगड जपानच्या किनाऱ्यावर आहेत. पुष्कळ ठिकाणी लोक ते विसरले आणि खाली वस्ती वाढली. आनेयोशीत तो वाचणारी आणि मुलांना समजावून सांगणारी वाडी त्याच्याभोवती जिवंत राहिली होती. दगड आणि गाव या दोघांनी मिळून तो इशारा राखला.

या दृष्टीने तारापूरचा एक तपशील विचार करण्याजोगा आहे. नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक मानले गेले. पण पिढ्यान् पिढ्या त्या किनाऱ्याची भरती-ओहोटी, विहिरी आणि वाटा जाणणारी माणसे तेथून गेली, म्हणजे त्या जागेची स्मृती वाहणारेही गेले. आता ती स्मृती पगारी पहारेकऱ्यांच्या नोंदवहीत तेवढी आहे. परिसरात राहिलेल्या मच्छीमार, शेतकरी, आदिवासी आणि बोईसरच्या कामगार वस्त्यांतील लोकांना या स्मृतीत भागीदार करून घेतल्याशिवाय तीनशे वर्षांची राखण शक्य नाही.

करता येण्याजोगे

यासाठी काट्यांचे दगडी रान उभारण्याची गरज नाही. आपल्याकडे असलेल्या साध्या संस्था वापरल्या तरी पुष्कळ साधेल. पहिली गोष्ट जमिनीच्या दप्तराची. राज्ये बदलली तरी जमिनीची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे तुटलेली नाही. गधेगाळही अखेर जमिनीचीच नोंद होती. भूपृष्ठालगत कचरा पुरलेल्या प्रत्येक जागेची, तो धोका किती वर्षांचा आहे यासह, स्पष्ट मराठीत सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ स्तंभात नोंद व्हावी. अणुखात्याच्या कपाटाबरोबरच तलाठ्याच्या दप्तरातही तो कागद असावा. एकच प्रत ठेवणे म्हणजे ती हरवण्याची तयारी करणे होय.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये व स्थानिक शाळांच्या परिसर-अभ्यासात हा विषय यावा. तो भयकथा म्हणून येऊ नये. विहीर, धरण आणि विजेचा खांब यांची माहिती देतो तितक्या सहजपणे यावा. तिसरी गोष्ट, दर पंचवीस वर्षांनी या साऱ्या नोंदी त्या काळच्या भाषेत व लिपीत पुन्हा लिहून काढाव्यात, आणि त्या परिसरातील ग्रामसभांपुढे जाहीर वाचून दाखवाव्यात. पोथ्या नकलून घेणाऱ्या आणि लग्नागणिक चौक लिहिणाऱ्या समाजाला ही रीत परकी नाही. जैतापूरसारखे नवे प्रकल्प झाले, तर भट्टी पेटण्यापूर्वीच ही व्यवस्था मंजूर व्हावी; राख साठल्यावर तिचा विचार करण्यात अर्थ नाही.

अणुवीज हवी की नको, हा वाद वेगळा आहे आणि तो चालू राहील. परंतु त्या वादाचा निकाल काहीही लागला तरी, १९६९ पासून जो कचरा निर्माण झाला तो आता परत घेता येणार नाही. त्यातून मिळालेल्या विजेवर आपले दिवे लागले, आपले कारखाने चालले; ज्यांचा जन्मही झालेला नाही त्यांच्या वाट्याला त्यातील केवळ पहारा येणार आहे. या व्यवहाराला त्यांची संमती घेणे अशक्य होते. त्यांना खरी आणि कळेल अशी माहिती देणे मात्र शक्य आहे, आणि तेवढे ऋण तरी आपण फेडले पाहिजे.

दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाशी आपल्याला बोलता येणार नाही. तो कोणती भाषा बोलेल, हेही सांगता येत नाही. पण आपल्यानंतरच्या पहिल्या पिढीशी बोलता येते. ती आज आपल्याच शाळांतून बसली आहे. तिला नीट सांगितले, आणि पुढे सांगण्याची सवय लावली, तर तिच्यापुढची पिढी तिची जबाबदारी होईल. चंद्रसूर्याच्या नावाने दगड कोरणाऱ्या शिलाहार राजांना जे साधले नाही, ते शिक्षकाच्या तासाला आणि तलाठ्याच्या फेरफाराला साधण्याचा संभव अधिक आहे. त्याचा आरंभ तारापूरच्या सातबाऱ्यावर एक ओळ लिहून करता येईल.